दहापैकी आठ

ही गोष्ट माझ्या बायकोलाही माहीत नाही. शाळेत कुणाला माहीत असण्याचा प्रश्नच नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही — की ओळखत असाल? जळगाव तसं लहानच आहे. लिहायला बसलो की आधी हाच विचार येतो आणि मी कागद बाजूला ठेवतो. असं आतापर्यंत चार वेळा झालं.

गोष्ट एका आकड्याची आहे. मी एका माणसाला एक आकडा चुकीचा सांगितला. चुकून नाही. पण एवढ्यानं तुम्हाला काय कळणार? थोडं मागून सांगायला हवं.

मी धरणगाव तालुक्यातल्या खेड्यातला. वडील जिनिंगमध्ये हमाल होते. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिला, आणि तीही इंग्रजीची पदवी. ‘आमच्या पोराला इंग्रजी येतं,’ हे वाक्य आई अजूनही अशा सुरात म्हणते, जशी दुसरी माणसं आपल्या विहिरीच्या पाण्याबद्दल बोलतात.

जळगावात कॉलेजला असताना मी जमिनीवर पालथा पडून अभ्यास करायचो. गल्लीच्या कोपऱ्यावर इस्माईलभाईंचं सुतारकामाचं दुकान होतं. ते मूळचे पाचोऱ्याचे. जाता-येता त्यांना माझ्या खोलीच्या दारातून मी तसा पडलेला दिसायचो. एक दिवस त्यांनी कुणाच्या तरी कपाटातून उरलेल्या फळ्यांचं टेबल आणून ठेवलं. ‘पाठ मोडेल बेटा. निकाल लागला की तोंड गोड कर, बस.’ मी बी.ए. त्या टेबलावर झालो. बी.एड.सुद्धा. शाळेचं नेमणूकपत्र आलं त्या दिवसापासून ते मला ‘सर’ म्हणायला लागले. मी नको म्हटलं, तर म्हणाले, ‘बेटा तर तू आहेसच. सर तू झालास. जे झालास ते म्हणायला पाहिजे.’ आणि मग ‘तू’ही सोडलं.

हे मी आधीच का सांगतोय? कारण मला हे सगळं आठवत होतं. त्या दिवशीही आठवत होतं.

पिकलबॉल मी पहिल्यांदा पुण्यात मेहुण्याच्या सोसायटीत पाहिला. बॅडमिंटनएवढंच मैदान, कमरेएवढी नेट, हातात फळीसारखं पॅडल आणि भोकाभोकांचा प्लॅस्टिकचा चेंडू. आमच्या कॉलनीच्या खुल्या जागेत बॅडमिंटनच्या जुन्या रेघा होत्याच. शेजारचे नाना, एसटीतून ड्रायव्हर म्हणून निवृत्त झालेले, लगेच तयार झाले. पॅडल कुठून आणायचं? मी इस्माईलभाईंकडे गेलो. त्यांनी प्लायवूडची चार कापून दिली, नीट चालतात का ते बघायला सकाळी आले, आणि राहिलेच.

शिकवायला कुणी नव्हतं, म्हणून व्हिडिओ. एक टक्कल पडलेला परदेशी प्रशिक्षक होता, त्याचे शेकडो व्हिडिओ. मोबाईल उभा करायला इस्माईलभाईंनी सागाच्या तुकड्याला खाच पाडून स्टँड केला. पहिल्या दिवशी मी आवाज चालू ठेवला होता. आणि — हेही कधी सांगितलेलं नाही — त्याची अर्धी वाक्यं माझ्या डोक्यावरून गेली. ‘सर, काय सांगी राह्यना तो?’ नानांनी विचारलं. मी म्हटलं, स्पीकर फाटलाय, ऐकू येत नाही.

त्या दिवसापासून मी आवाज बंद ठेवायला लागलो. आदल्या संध्याकाळी घरी इयरफोन लावून, वेग कमी करून, एकेक वाक्य तीनतीनदा ऐकायचं आणि वहीत उतरवायचं. सकाळी व्हिडिओ मुका चालायचा आणि वरून मी सांगायचो. नेटजवळच्या सात फुटांच्या पट्टीला ‘किचन’ म्हणतात, तिथं उभं राहून चेंडू हवेतल्या हवेत मारायचा नाही, हे सांगितलं तेव्हा नाना म्हणाले, ‘घरमा मनी बायको बी हाईच सांगस. किचनमा पाय ठेवू नका.’ इस्माईलभाई एवढे हसले की पॅडल खाली पडलं. चांगले दिवस होते ते.

मग सराव आला. इस्माईलभाईंनी कलती फळी करून भिंतीला लावली. तिच्यावर मारलेला चेंडू परत आपल्याकडे येतो. केळीचे रिकामे क्रेट नेटपलीकडे मांडून त्यांत चेंडू टाकायचा. मी वीसपैकी चार टाकायचो. इस्माईलभाई — साठीला आलेला माणूस, दिवसभर रंधा मारून थकलेला — बारा-तेरा टाकायचे. नेटजवळचा त्यांचा हळू चेंडू तर कुणीतरी हातानं खाली ठेवावा तसा उतरायचा. प्रशिक्षकाचा पाय कुठं पडतो, खांदा किती वळतो, ते एकदा बघून लगेच तसंच करायचे. हळूहळू माझ्या लक्षात आलं की मी बोलायच्या आधीच ते ती गोष्ट करून मोकळे झालेले असतात.

तुम्हाला कधी असं झालंय? ज्या एका गोष्टीमुळे आपल्याला मान आहे, तिची समोरच्याला गरजच उरलेली नाही, असं?

तशात धुळ्याच्या स्पर्धेचं कळलं. दोघांची जोडी. नाना आमच्यात सगळ्यांत चांगले, ते जाणारच. दुसरं कोण? नाना म्हणाले, ‘आठ दिवसांनी ठरवू. जो चांगला खेळी, तो येई.’ आणि मी काय केलं होतं? मी स्टाफरूममध्ये आधीच सांगून बसलो होतो की धुळ्याला जोडीत मी खेळतोय. मुख्याध्यापकांनी परिपाठात जाहीर केलं. मुलांनी टाळ्या वाजवल्या. आता परत जाऊन काय सांगणार होतो — की माझ्याऐवजी सुतार जातोय? हो, मनात हाच शब्द आला होता. इस्माईलभाई नाही, सुतार.

त्याच आठवड्यातला व्हिडिओ पकडीबद्दल होता. पॅडल किती घट्ट धरायचं. प्रशिक्षक म्हणाला, दहा म्हणजे पूर्ण आवळलेली मूठ, एक म्हणजे पॅडल गळून पडेल इतकी सैल. नेटजवळ खेळताना पकड दहापैकी तीन. मी वहीत इंग्रजी अंकात लिहिलं, तीन.

मग मी त्या आकड्याकडे बराच वेळ बघत बसलो.

पाय दिसतो. खांदा दिसतो. पॅडलचा कोन दिसतो. पण मूठ किती आवळली आहे, ते व्हिडिओत दिसत नाही. ते फक्त शब्दांत असतं, आणि शब्द माझ्याकडे होते. इस्माईलभाई कधीकधी माझ्या वहीत डोकावायचे. इंग्रजी अंक त्यांना वाचता येतात, मापं घेणारा माणूस. इंग्रजी तीनची उघडी बाजू दोन छोट्या रेघांनी बंद केली की आठ होतो. मी त्या दोन रेघा ओढल्या. निळ्या शाईनं. घरात चहा उकळत होता, बायको काहीतरी विचारत होती, आणि मी तिला नीट उत्तरही दिलं.

म्हणजे रागाच्या भरात तोंडातून निघून गेलं, असं मला म्हणता येत नाही.

दुसऱ्या दिवशी नाना लेकीकडे चाळीसगावला गेले होते. आम्ही दोघंच. मी म्हटलं, नेटजवळ पकड दहापैकी आठ. इस्माईलभाईंनी पॅडल हातात फिरवलं.

‘आठ? सर, रंधा पण एवढा आवळून धरत नाही मी. हाताला काही कळत नाही मग.’

‘इंग्रजीत तसंच सांगितलंय,’ मी म्हटलं.

त्यांनी आपल्या हाताकडे बघितलं. चाळीस वर्षं लाकूड ओळखणारा हात. मग म्हणाले, ‘मग माझंच चुकत असेल.’ आणि मूठ आवळली.

तेव्हा थांबवता आलं असतं. वाचायला चूक झाली, एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं. मी चेंडू उचलून त्यांच्याकडे टाकला.

चार दिवसांत त्यांचा तो हळू चेंडू गेला. प्रत्येक चेंडू वर उडायला लागला. नाना परत आले, बघून म्हणाले, ‘इस्माईलभाई, नजर लागनी का तुम्हले?’ धुळ्याला मी गेलो. इस्माईलभाईही आले, आमच्या पिशव्या सांभाळायला. एसटीत पारोळ्यापर्यंत ते मला माझा खांदा कुठं कमी वळतो ते सांगत होते. आम्ही पहिला सामना जिंकलो, दुसरा हरलो. भाग घेतल्याचं प्रमाणपत्र मिळालं. त्याला फ्रेम इस्माईलभाईंनीच केली. फ्रेम द्यायला घरी आले, तेव्हा त्यांनी ती डाव्या हातात धरली होती. माझं तिकडे लक्ष गेलं. मी विचारलं नाही.

जमत नाही म्हणून ते रोज दुकान उघडायच्या आधी तासभर एकटे त्या कलत्या फळीवर सराव करत होते. मूठ आवळून. कोपर गेलं. आधी बाम, मग डॉक्टर, मग पट्टा. हातोडा उचलेना. दारं-खिडक्यांची कामं दुसरीकडे जायला लागली. आता ते पॉलिश करतात, पाट, चौरंग, असली बारीक कामं. कोपर खेळानं गेलं की इतक्या वर्षांच्या हातोड्यानं, हे डॉक्टरांनाही नक्की सांगता आलं नाही. या वाक्याच्या आडोशाला मी अडीच वर्षं राहिलो. आता त्या आडोशाला राहायचं नाही.

ते स्वतः म्हणतात, वय झालं. पट्टा बांधून आठवड्यातून दोनदा येतात, थोडं खेळतात. मी शेजारी उभा असतो आणि माझी नजर त्यांच्या मुठीवर असते. बोटांची पेरं पांढरी पडलेली असतात.

आणि भीती? ती कमी झालीच नाही. वही जाळून टाकावी असं वाटायचं, पण जाळलीही नाही. आधी इस्माईलभाईंकडे बटणांचा फोन होता, तोवर मी निश्चिंत होतो. मग लेकीनं त्यांना तिचा जुना मोठा फोन दिला. मग त्या फोनवर व्हिडिओखाली आपोआप भाषांतर होऊन मराठी अक्षरं यायला लागली. मला शाळेत शिकवतानाही दिसायचं, ते दुकानात स्टुलावर बसलेत, फोन त्या सागाच्या स्टँडवर, आणि अक्षरं सरकतायत.

मागच्या महिन्यात सकाळी ते म्हणाले, ‘सर, एक गंमत दाखवतो.’

तोच टकलू. तोच व्हिडिओ. खाली मराठीत स्पष्ट लिहून आलं, पकड दहापैकी तीन ठेवा. वाटलं, झालं. आणि खरं सांगू? क्षणभर सुटल्यासारखंही वाटलं.

इस्माईलभाई हसत होते. ‘बघा, मशीनला इंग्रजी येत नाही. तुम्ही आठ सांगितलं होतं, हे तीन लिहितंय.’

नाना म्हणाले, ‘मशीन शे, त्याले काय समजस?’

दोघांनी माझ्याकडे बघितलं. इंग्रजी येणारा मीच होतो ना.

मी म्हटलं, ‘हो. मशीनचं भाषांतर असंच असतं.’

इस्माईलभाईंनी फोन खिशात ठेवला, कोपराचा पट्टा घट्ट केला, पॅडल उचललं आणि मूठ आवळली.

मी हे मराठीत लिहिलंय. इस्माईलभाई पाचोऱ्याला मराठी शाळेत सातवीपर्यंत शिकले. ओळीखाली बोट ठेवून, सावकाश, पण सगळं वाचतात. हे त्यांना कुणी वरून समजावून सांगायची गरज नाही. छापून आलं की हा कागद मी स्वतः त्यांच्या दुकानात नेऊन देणार आहे.

इस्माईलभाई, तीनच होतं. मशीन बरोबर आहे. ते हलकंच धरायचं असतं, रंध्यासारखं. तुमचा हात पहिल्या दिवसापासून बरोबर होता.