बर्निसच्या गाडीतून आलेले उमेदवार

जनरल मॅनेजर ऑर्व्हिल टॅगर्ट वारले त्या हिवाळ्यात फोर्जमेन या अमेरिकन फुटबॉल संघाला त्यांच्या जागी नवा माणूस शोधायची वेळ आली, आणि सरोवराकाठच्या एरी गावातले सगळे बातमीदार क्लबच्या दाराशी ठाण मांडून बसले. उमेदवारांची नावं फुटू नयेत म्हणून मालकीणबाई कॉन्स्टन्स व्हेलन यांनी त्यांना विमानतळावरून आणायचं काम बर्निस क्लिमचाकवर सोपवलं. तिच्या जुनाट ब्यूइक गाडीकडे कोण कशाला वळून बघतंय?

बर्निस सहासष्ट वर्षांची. पंचविशीत उन्हाळ्यापुरती टायपिंगला म्हणून लागली आणि ऑर्व्हिलच्या खोलीबाहेरच्या टेबलावर तिचा जन्म गेला. लग्नाचं कुणी काढलं की म्हणायची, "रविवारी सामना, सोमवारी खेळाडूंची दुखणी. नवऱ्याला कुठला वार देऊ?"

ऑर्व्हिल गेल्यापासून मात्र ती बंद खोलीकडे बघायचं टाळत होती. सकाळी त्यांच्या खोकल्यावरूनच तिला कळायचं, आज कुणाची खैर नाही.

पहिला उमेदवार वाटभर फोनवर बोलत होता. दुसऱ्यानं सरोवराचं कौतुक केलं, गाडीचं केलं, मग हळूच विचारलं, "मिसेस व्हेलनना काय ऐकायला आवडतं?"

"खरं," बर्निस म्हणाली. तो विनोद समजून हसला.

तिसरा डेस्मंड प्रुइट. उंच, सेहेचाळीस वर्षांचा, गुडघ्यात जरा अवघडलेला. मागे न बसता तो तिच्या शेजारी बसला.

"मला ओळखलं नसेल तुम्ही."

"जर्सी नंबर सत्तावन्न. संघातून काढलं तेव्हा घरी अलाबामाला जायचं तिकीट मीच दिलं होतं तुला."

"खिडकीजवळची जागा मागून घेतली होती तुम्ही," प्रुइट म्हणाला. "पण मी बाहेर बघितलंच नाही. रडत होतो."

सरावाचं जुनं मैदान होतं त्या रस्त्यानं गाडी घ्याल का, असं त्यानं विचारलं. तिथं आता टायरांचं गोदाम होतं. बर्फात गाडी उभी करून दोघं कुंपणापलीकडे बघत राहिली. आपलं तारुण्य याच कुंपणाशी, थंडीनं गारठलेल्या बोटांनी खेळाडूंची नावं टिपण्यात गेलं, हे बर्निसला एकदम आठवलं, आणि ते तिला गोड वाटलं.

"इथंच सांगितलं टॅगर्टसाहेबांनी मला," प्रुइट म्हणाला. "म्हणाले, डेस्मंड, तुझे पाय आता साथ देणार नाहीत. खोटं बोलून तुझं वर्ष फुकट घालवणार नाही मी. पण दुसऱ्याचा खेळ तुला नीट दिसतो. कॉलेजचे सामने बघ आणि काय दिसलं ते लिहून पाठव."

"पाठवलंस की. स्पेलिंग मीच सुधारायचे."

"मला वाटायचं, वाचतच नसतील."

"दोनदा वाचायचे," बर्निस म्हणाली. तिनं गाडी सुरू केली.

मुलाखती संपल्यावर मिसेस व्हेलननी तिला बोलावलं. "सल्लागार दुसऱ्यावर खूश आहेत. तू काय म्हणतेस, बर्नी?"

"मला विचारू नका. त्या खुर्चीत मला ऑर्व्हिलच हवेत, आणि ते काही तुम्हाला जमणार नाही."

"तरीपण. गाडीत कोण काय बोललं तेवढं सांग."

तिनं तिघांचं जसंच्या तसं सांगितलं, स्वतःची भर न घालता. दुसऱ्याचा प्रश्न ऐकून मिसेस व्हेलन पोट धरून हसल्या. गोदामाचं मात्र त्यांनी तिला पुन्हा एकदा सांगायला लावलं. सोमवारी प्रुइटचं नाव जाहीर झालं.

आल्या आल्या त्यानं ऑर्व्हिलची खोली रिकामी केली, भिंतींना नवा रंग दिला, पडदाभर आकडे दाखवणारी यंत्रं आणली. बर्निस दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तो स्वतःच तिच्या टेबलाशी आला.

"राग आलाय ना?"

"आलाय."

"त्यांच्या त्या खोलीत बसलो की मी पुन्हा तो संघातून काढलेला बावीस वर्षांचा पोरगा होतो, मिस क्लिमचाक. असं कसं काम करू?"

तिनं त्या दिवसाचं टपाल त्याच्या हातात दिलं आणि कुणाला आधी उत्तर द्यायचं ते सांगितलं.

त्या वर्षी संघ निम्म्याहून जास्त सामने हरला. गावानं प्रुइटला शिव्या घातल्या. बर्निसनंही एकदोनदा घातल्या, पण आपल्या घरात, आईबापांच्या पोलिश भाषेत. बाहेर कुणी त्याच्याविरुद्ध अवाक्षर काढलं, तर ती ऐकून घेत नसे.