अंगठ्याखालचा नंबर

उत्तरेश्वर पंचेचाळीस वर्षांचा झाला तरी त्याने कुणाला कधी रस्ता विचारला नव्हता, कारण एकटा असा तो कुठे गेलाच नव्हता. आईवडील धाराशिवकडून पुण्याला कारखान्यात कामाला आले. मुलगा उशिरा चालला, उशिरा बोलला, आणि अक्षरं काही त्याच्या डोक्यात बसली नाहीत. तो बारा वर्षांचा असताना आई गेली. वडिलांनी त्याला शहराबाहेर एका ट्रस्टच्या वसतिगृहात नेऊन ठेवलं. रविवारी येतो, म्हणाले. त्यानंतर रविवार पुष्कळ आले.

वसतिगृहात त्याला कुणी मारलं नाही की उपाशी ठेवलं नाही, हे आधीच सांगायला हवं, नाहीतर रावसाहेबांवर अन्याय व्हायचा. रावसाहेब तिथले अधीक्षक. साठ माणसं सांभाळायची म्हणजे शिस्त हवी, आणि त्यांची शिस्त एवढीच होती की काही चुकलं तर जागेवर बसून राहायचं, कुणीतरी येईल. तेहतीस वर्षं उत्तरेश्वर जागेवर बसला. आंघोळीचं पाणी कुणीतरी काढून द्यायचं, शर्टाची बटणं कुणीतरी लावायचं, ताट कुणीतरी पुढ्यात ठेवायचं. हात धडधाकट होते, पण त्यांना कामच ठाऊक नव्हतं.

मग ट्रस्टने ठरवलं की ज्यांना जमेल त्यांनी आपापल्या खोलीत राहावं, आणि त्यासाठी उल्काला बोलावलं. तिच्या विद्येला व्यवसायोपचार म्हणतात. नाव भारदस्त असलं तरी काम साधं आहे. माणूस रोजच्या कामात नेमका कुठे अडतो ते शोधायचं आणि तेवढी जागा सोपी करून द्यायची. पहिले आठ दिवस तिने काही शिकवलं नाही, नुसती बघत बसली. असली नोकरी आम्हालाही चालेल, असं रावसाहेब म्हणाले. पण त्या आठ दिवसांत तिला दिसलं की बटणं खालून लावायला घेतली तर उत्तरेश्वरला सगळी लावता येतात. आणि त्याने मारलेली गाठ सहसा कुणाला सुटत नाही, हेही दिसलं. तिने त्याला बुधवार पेठेतल्या एका पुस्तकाच्या दुकानात गठ्ठे बांधायचं काम मिळवून दिलं. गॅसचं बटण बंद असताना जिथे येतं तिथे तिने नेलपॉलिशचा लाल ठिपका दिला आणि सांगितलं, आधी डोळ्यांनी बघायचं, मग हाताने. ती त्याला 'तुम्ही' म्हणायची. आजवर तसं कुणी म्हटलं नव्हतं.

बिबवेवाडीत तिसऱ्या मजल्यावर एक खोली मिळाली. तीन महिने राहून बघायचं, मग उल्का एक फॉर्म भरणार, आणि तो वाचून ट्रस्टची समिती ठरवणार की खोली याचीच राहू द्यायची की याला परत न्यायचं. निघताना ट्रंक रिक्षात ठेवता ठेवता रावसाहेब म्हणाले, "जा बाबा. पण एक चूक झाली की परत इथंच." ते मायेनेच म्हणाले असतील. उत्तरेश्वरच्या छातीत मात्र ते वाक्य जाऊन बसलं.

त्या दिवसापासून भीती त्याच्यासोबतच राहायला आली. कुलूप लावून तीन मजले उतरायचा आणि कुलूप बघायला परत तीन मजले चढायचा. एकदा पोळी करपली, तर ती त्याने ट्रंकेत कपड्यांखाली लपवली. चार दिवसांनी उल्काला वास आला. माझी तर रोज एक करपते, असं ती म्हणाली. त्याला ते खरं वाटलं नाही.

राहता राहिली बस. तीन आठवडे उल्का त्याच्याबरोबर गेली. आधी शेजारी बसून, मग दोन सीट मागे, मग नुसती स्टॉपवर उभी राहून. येताना स्वारगेट मागे पडलं की डावीकडे लक्ष ठेवायचं, औषधाच्या दुकानाची निळी पाटी दिसली की उठायचं. उत्तरेश्वर मान डोलवायचा. पण ते दिवस गणपतीचे. पाटीच्या अगदी शेजारी, गणपती बसायच्या आधीपासूनच, मांडव होता. लाल कापड, लुकलुकणारे दिवे, वर ढोल. हे सोडून निळी पाटी कोण बघणार? तो रोज मांडव दिसला की उठायचा, रोज बरोबर उतरायचा, आणि उल्का वहीत बरोबरची खूण करायची. एवढी बारीक नजरेची बाई, पण इथे फसली. जन्म पुण्यातला, भाद्रपदातला मांडव तिला वेगळा दिसलाच नाही.

अनंत चतुर्दशी झाली. सोमवारी आणि मंगळवारी तो एकटा गेला, एकटा आला. मांडवाचे वासे अजून उभे होते. बुधवारी दुपारी कुणीतरी तेही सोडवून नेले.

बुधवारी संध्याकाळी स्वारगेट गेलं. उत्तरेश्वर काचेला नाक लावून बसला. मांडव आला नाही. येईल, येईल म्हणता बस चढाला लागली आणि दुकानं अनोळखी झाली. उठावं तरी कशाला बघून? बस रिकामी होत होत अप्पर डेपोला जाऊन थांबली.

"काका, शेवटचा स्टॉप," कंडक्टर म्हणाला. "यापुढे माझं घर आहे. येताय?"

उत्तरेश्वरने खरोखर विचार केला. मग उतरला आणि स्टॉपच्या बाकावर बसला. जागेवर बसायचं, कुणीतरी येईल. माणसं आली, बसमध्ये चढली, गेली. त्याच्यासाठी कुणी आलं नाही.

खिशात उल्काने दिलेलं कार्ड होतं. वर खोलीचा पत्ता, खाली तिचा नंबर. अडचण आली तर कुणालाही दाखवा, मी येते, असं तिने दहादा सांगितलं होतं. पण नंबर दाखवला की फोन जाणार, आणि फोन गेला की चूक कळणार. मग ट्रंक, रिक्षा आणि रावसाहेब. तो बराच वेळ कार्डाकडे बघत राहिला. त्याला वाचता येत नव्हतं. खालची ओळ नंबराची, एवढं मात्र पक्कं माहीत होतं. त्याने त्या ओळीवर अंगठा दाबून धरला, उठला, आणि मेथीच्या जुड्या लावत बसलेल्या बाईसमोर जाऊन उभा राहिला.

"हे कुठं आहे?"

बाईने कार्डाकडे पाहिलं. अंगठा काढा की, म्हणाली. ते वाचायचं नाही, असं त्याने सांगितलं. बाईने खांदे उडवले. उतारानं सरळ खाली जा, शाळा आली की परत विचारा.

त्याने चार जणांना विचारलं. चारही वेळा अंगठा जागेवर होता.

बुधवारी सहाला उल्का यायची. तो पोहोचला तेव्हा साडेसात झाले होते. ती जिन्यात बसली होती, हातात फोन, चेहरा उतरलेला. तिच्याकडे न बघता त्याने कुलूप उघडलं, पलंगाखालची ट्रंक ओढली आणि दोरीवरचे कपडे एकेक घडी करून भरायला लागला. घड्या तिनेच शिकवल्या होत्या.

"हे काय करताय?"

"चुकलो. मांडव नव्हता."

ती आत येऊन ट्रंकेशेजारी बसली. मग तिने एकेक करून सगळं विचारून घेतलं: मांडव, कंडक्टर, बाक, मेथीवाली. अंगठ्याचं ऐकून तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तो आणखीच घाबरला. तिने पिशवीतून फॉर्म काढला. सगळ्या ओळी भरलेल्या होत्या, एक सोडून. रस्ता चुकल्यास काय करतो? ही ओळ तिला भरता येत नव्हती, कारण मुद्दाम कुणाला हरवू कसं द्यायचं?

तिने एकच शब्द लिहिला.

"काय लिहिलं?"

"विचारतो," उल्का म्हणाली.

ट्रंकेवर हात ठेवून त्याने विचारलं, "मग परत कधी जायचं?"

"परत कुठे? उद्या कामावर जायचंय. साडेनऊची बस."

उद्या पुन्हा एकट्याने जायचं होतं आणि मांडव उद्याही नसणार होता. तरी उठून उत्तरेश्वरने ट्रंकेतून उद्याचा शर्ट काढला आणि खिळ्याला अडकवला.