तव्यावर भाजलेले चार प्लग

हिवाळ्यात भरीत खायला खानदेशात जायचं, असं मी दरवर्षी म्हणते आणि दरवर्षी राहून जातं. यंदा कॉलेजमधली मैत्रीण सरिता फोनवर चिडलीच. "वांगी संपतील, तू काही येणार नाहीस!" मग शनिवारी संभाजीनगरहून आम्ही तिघं निघालो: मी, नवरा विनय आणि आमची वीस वर्षांची पेट्रोल गाडी.

कन्नडच्या घाटात एका बंद ट्रकमुळे तासभर अडकलो, तेव्हा घाई असेल तर हा रस्ता पहाटेच धरा. चाळीसगावला स्टँडजवळ शेवभाजी-भाकरी खाल्ली. दोघांचं पोट तीनशे रुपयांत भरलं, डोळ्यांतलं पाणी फुकट. पुढे धुळे आणि धुळ्याहून साक्रीपर्यंत रस्ता चांगला आहे. साक्रीच्या पुढे डोंगराकडे वळलं की मात्र खड्डे मोजायचं सोडून द्यावं. सरिताचं गाव तिथून पंधरा किलोमीटरवर. दिवस मावळता मावळता पोचलो.

शेतातच कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजली होती. भरीत, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि ठेचा. मी किती खाल्लं ते लिहिणार नाही. एवढा वेळ वाढण्यात गुंतलेली सरिता शेवटी माझ्याशेजारी येऊन बसली आणि हळूच म्हणाली, "सोमवारी दहाला धुळ्यात, देवपूरच्या एका शाळेत मुलाखत आहे. विज्ञान शिक्षिकेची. तीन वर्षं वाट बघतेय. साडेसहाच्या एसटीने निघेन."

"कशाला एसटी?" मी म्हटलं. "आम्हीही सोमवारीच परत निघणार. साडेसातला आरामात निघू. गाडी आहे ना!"

रविवार डोंगरात भटकण्यात गेला. सोमवारी पहाटे उठलो तर तोंडातून वाफा निघत होत्या. साडेसहाची एसटी हॉर्न वाजवत फाट्यावरून गेली तेव्हा सरिता निवांत साडीच्या निऱ्या काढत होती. साडेसातला विनयने किल्ली फिरवली. घरघर झाली, पण इंजिन काही सुरू होईना. पुन्हा, पुन्हा, तेच.

"बॅटरी गेली," मी जाहीर केलं. मला गाडीतलं एवढंच कळतं.

"बॅटरी इंजिन जोरात फिरवते आहे. दुसरंच काहीतरी आहे," विनय म्हणाला. उतारावर ढकलून पाहिली, तरी ढिम्म. पुढची एसटी नऊला, म्हणजे मुलाखत बुडालीच. घरातली मोटारसायकल घेऊन सरिताचा भाऊ आदल्या दिवशीच बाहेरगावी गेलेला. सरिता नुसती घड्याळ बघत राहिली. त्यापेक्षा तिने मला चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

विनयने बॉनेट उघडलं आणि चक्रावला. आत सगळ्या वायरींवर दव! झाकणाखाली दव आलं कुठून? तेवढ्यात सरिताचे वडील, आबा, टोपी सारखी करत पुढे आले.

"चूक मनी शे," चूक माझी आहे, असं ते अहिराणीत म्हणाले. "रातले मीच झाकण उघडं ठेवं. गरम इंजिनमा उंदीर बसतस, बठ्ठी वायर खाई जातस. पहाटे बंद करं."

त्यांच्याकडे ट्रॅक्टरचंही झाकण रात्री असंच उघडं ठेवतात म्हणे. उघड्यावर, गार हवेत उंदीर घर करत नाही. पाहुण्यांच्या गाडीची राखण म्हणून त्यांनी खुंटीवरची किल्ली घेऊन, न सांगता हे केलं होतं. बिचाऱ्यांची मान वर होत नव्हती.

पण ओल कुठे धरते तेही त्यांनाच ठाऊक होतं. जुन्या धोतराच्या फडक्याने वायरी पुसल्या, पाना आणून चारही प्लग काढले. ते पेट्रोलने चिंब भिजलेले. फडक्यावर कोरडे पुसले आणि तडक चुलीकडे निघाले.

"मना तवा नही!" सरिताची आई आतून ओरडली. "भाकरीले पेट्रोलना वास येई!"

तडजोड म्हणून फुटक्या कानाचा जुना तवा मिळाला. त्यावर ओळीने चार प्लग, आणि मुलाखतीच्या साडीत चिमट्याने ते उलटणारी सरिता. "ओल्या वायरीतून ठिणगी भलतीकडेच पळते," ती मला समजावत होती. "आणि भिजलेल्या प्लगला ती पडतच नाही." मी विचारत राहिले, ती सांगत राहिली. मुलाखत बुडण्याची भीती विसरली होती बहुतेक. मी मात्र विसरले नव्हते.

गरम प्लग फडक्यात धरून आबांनी परत बसवले. पहिल्यांदा खोकला, दुसऱ्यांदा धूर, तिसऱ्यांदा गाडी चालू! सव्वाआठ वाजले होते. आबांनी बॉनेटला हात जोडले आणि मला रडूच आलं.

देवपूरच्या पुलावर गर्दी होती, तरी दहाला सात मिनिटं कमी असताना सरिताला शाळेच्या फाटकात उतरवलं. तिच्या बोटांवर काजळी तशीच होती.

सोबत काय न्यावं विचाराल, तर हिवाळ्यात जुनी गाडी असेल तर प्लगचा पाना आणि कोरडं फडकं. आणि मुक्कामी पोचल्यावर यजमानांना एकदा विचारा, रात्री गाडीचं काय करतात.

घरी आल्यावर आठवडाभर ही गोष्ट मी सगळ्यांना हसत हसत सांगितली: आबा, उंदीर, तवा. परवा सरिताचा फोन आला, नोकरी मिळाली. मी आनंदाने ओरडलेच. मग विचारलं, "ब्लॉगवर लिहू का गं?"

"लिही. पण चूक आबांची एकट्याची दाखवू नको," ती म्हणाली. "ते अजून कोणालाही झालेलं सांगतात आणि 'चूक मनी शे' म्हणतात. मला एसटी सोडायला कोणी लावलं, तेही लिही."

मी लावलं. आबांनी तेव्हाच सगळ्यांसमोर कबूल केलं. मला आठवडा लागला.