कोणाची गं तू?

माझी धाकटी बहीण टॅबला हात लावायच्या आधी साबणानं हात धुते. भाकरीला बसताना तिला ओरडून सांगावं लागतं, पण शाळेचा टॅब घरी आला की स्वतःहून नळाखाली जाते, हात कोरडे करते आणि मगच तो मांडीवर घेते. ते बघून माझ्या पोटात जळतं. बहिणीवर कोणी असं जळतं का, म्हणून मग स्वतःचीच लाज वाटते. पण जळायचं काही थांबत नाही.

आम्ही मुखेडकडच्या. लातूरला मी एका मेसमध्ये पोळ्या लाटते. शिकवणीसाठी गावोगावहून आलेली पोरं-पोरी तिथं जेवतात. मालकीणबाई मोठ्या शिवभक्त, सकाळची पूजा झाल्याशिवाय चहाला शिवत नाहीत. मागची खोली त्यांनीच आम्हाला दिली. धाकटीला शिकायला गावाहून घेऊन आले तेव्हा मी दारात चाचरत उभी होते, तर म्हणाल्या, "एक ताट वाढलं म्हणून मेस बुडत न्हाई. आत घे लेकराला." ते उपकार मी विसरत नाही. आणि कधी काय चुकेल, कधी ही खोली सुटेल, ही धाकधूकही मला सोडत नाही.

माझी शाळा सातवीत सुटली. पुढच्या वर्गांना मुखेडला जावं लागायचं, आणि त्याच वर्षी आई पुन्हा कामाला जायला लागली होती. घरात रांगतं लेकरू होतं, ते कुणीतरी सांभाळायला पाहिजे होतं. ते लेकरू म्हणजे हीच. हिला कडेवर घेऊन मी शाळेच्या कुंपणापाशी उभी राहायची. आमच्या त्या शाळेतही एक कॉम्प्युटर होता, पण त्याची खोली कुलपात. खंडेनवमीला तेवढी उघडायची. गुरुजी त्याच्यावरचं कापड काढायचे, हळद-कुंकू लावायचे, हार घालायचे आणि आम्ही रांगेनं नमस्कार करून बाहेर पडायचो. मी सात वर्षांत त्याला हातसुद्धा लावला नाही. धाकटी सहावीत आहे आणि टॅब मांडीवर घेऊन बसते.

टॅब शाळेचे. पाळीपाळीनं शनिवारी घरी द्यायचे, सोमवारी परत घ्यायचे. त्याआधी तिच्या वर्गाच्या बाईंनी पालकांना बोलावलं होतं. आई-वडील गावाकडं, म्हणून मी गेले. कितीतरी वर्षांनी बाकावर बसले होते. बाई माझ्यापेक्षा फार मोठ्या नसतील. कडक इस्त्रीची साडी, स्कूटीची चावी बोटात. धाकटी घरी येऊन त्यांच्यासारखंच "बरं का" म्हणते, भांग पण तसाच पाडते. मी त्यांच्याकडं नीट बघून घेतलं.

बाईंनी विचारलं, "समजा टॅबवर एखाद्या अनोळखी माणसानं मुलीला विचारलं, तुझं नाव काय, गाव कोणतं, कोणाची तू, तर मुलीनं काय करावं?"

मला उत्तर येत होतं. मी हात वर केला. "नीट सांगावं. खाली मुंडी घालून गप उभं ऱ्हाऊ नये."

सगळा वर्ग हसला. बाई हसल्या नाहीत, पण धाकटीनं दाराआडून माझ्याकडं बघितलं आणि मान फिरवली.

मी काही चुकीचं बोलले असं मला तेव्हा वाटलं नाही. आमच्याकडं असंच असतं. एसटीत बसलं की शेजारची बाई विचारतेच, कोण्या गावची, कोणाची, मामाचं गाव कोणतं. सगळं सांगितलं की कुठंतरी धागा लागतो आणि मग ती बाई उतरेपर्यंत तुम्हाला सांभाळते. धाकटी पहिल्यांदा एकटी लातूरला आली तेव्हा एका बाईनं असाच आमचा मामा ओळखला, हिला खिडकीपाशी बसवलं आणि स्टँडवर माझ्या हातात दिलं. परमुलखात आपल्याजवळ दुसरं काय असतं? मीच हिला शिकवलं होतं, कुणी विचारलं तर आपण कुणाचे ते पहिलं सांगायचं.

पुढं एका रविवारी, दुपारची पंगत उठल्यावर ती मेसच्या ओट्यापाशी टॅबवर प्रश्नांचा खेळ खेळत होती. शाळेचाच खेळ, दुसऱ्या गावचीही मुलं त्यात असतात, आणि खाली एकमेकांना लिहायला जागा असते. मी कणीक मळत डोकावले. तिथं अक्षरं उमटली होती, 'कोण्या गावची गं तू? मुखेडकडची दिसायलीस.'

माझा जीव एकदम सुपाएवढा झाला. लातुरात कोण आम्हाला अशा बोलीत विचारतं?

"अगं, आपल्याकडचं कुणीतरी हाय. सांग की!"

"न्हाई सांगायचं."

"का गं? एवढं मायेनं विचारायलंय."

"आक्का, मागं टॅब आणला तवा बी ह्यानंच विचारलतं. मी उत्तरात आपल्याकडचा एक शब्द लिहिलता, त्यावरनं त्यानं मुखेड वळखलं. मग म्हणाला फोटो पाठीव, आन घरी सांगू नको. बाईंनी त्येला बंद केलतं. आता दुसऱ्या नावानं आलाय."

'घरी सांगू नको' म्हणणारा माणूस कसा असतो, ते कळायला सातवीच्या पुढं शिकावं लागत नाही. पण मला जे आधी लागलं, ते त्या माणसाचं नव्हतं.

"बाईंना सांगितलंस?"

"हाव. सोमवारीच."

"आन मला?"

ती टॅबवर काहीतरी दाबून त्या मजकुराचा फोटो घेत होती. "उत्तर द्यायचं न्हाई, फोटो ठेवायचा, मोठ्या माणसाला दाखवायचा," ती पाठ म्हणून दाखवावं तसं म्हणाली.

"मग मी काय ल्हान हाय का?"

"तू गाव सांगून टाकलं असतंस की!"

आत्ताच तर सांगायला निघाले होते. हिला कडेवर वागवलं मी, आणि हिला भीती वाटली तेव्हा ही पळाली बाईंकडं. पुन्हा असं काही झालं तर ही कुणाकडं जाईल, हे मला स्पष्ट दिसलं. कणीक मी उगाच इतकी मळली की पोळ्या वातड झाल्या.

सोमवारी मी तिच्याबरोबर शाळेत गेले. बाईंनी फोटो बघितला, कॉम्प्युटरच्या सरांना बोलावलं आणि सगळ्या टॅबवरून तो खेळच काढून टाकायला लावला. मुख्याध्यापकांना कळवलं, पोलिसांकडं तक्रार देऊ म्हणाल्या. मला बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं. मी हात जोडले, मनापासून. नंतर बाईंनी धाकटीच्या पाठीवर हात ठेवून "शाबास" म्हटलं, तिचं तोंड उजळलं, आणि माझं पुन्हा जळालं. दोन्ही खरं होतं.

त्या संध्याकाळी मीच तिला म्हटलं, "मला शिकीव. तू अनोळखी हो, मला विचार."

मी पोळ्या लाटत होते, ती ओट्यावर पाय हलवत बसली. "ताई, तुमचं नाव काय?"

"न्हाई सांगत."

"गाव?"

"न्हाई."

"तुमच्या हातची पोळी लई मऊ लागली बघा. आईकडनं शिकलात का मामीकडनं?"

"मामीकडनं. मामा आमचा कंधारला..."

"आक्काऽऽ!"

जेवणारी पोरं खो खो हसली. मालकीणबाई गल्ल्यावरून म्हणाल्या, "हिला टॅब नका दाखवू रे, आधार कार्ड काढून देईल." मीही हसले. पण मग तवा उतरवून तिला विचारलं, बसमधल्या बाईला सांगायचं आणि ह्याला नाही, असं का?

"बसमधली बाई दिसती की, आक्का. तू बी बघू शकतीस. हिथं कोण बसलंय, दिसतंय का?"

ही माझ्याच कडेवर बोलायला शिकली होती. 

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही गावाकडं निघालो. अहमदपूरला एक म्हातारी चढली, डोईवरचं गाठोडं धाकटीच्या पायापाशी टेकवलं आणि नीट बसायच्या आधीच विचारलं, "कोण्या गावची गं पोरी? कोणाची गं तू?"

धाकटीनं तोंड उघडलं आणि मिटलं. मान वळवून माझ्याकडं बघितलं.

मी म्हातारीकडं बघितलं. तोंडावर ऊन सोसल्याच्या सुरकुत्या, गाठोड्यातून कढीपत्त्याचा वास, तिकिटाचा कागद बोटात घट्ट धरलेला. मी घाई केली नाही. शाळेच्या बाई काही त्या बसमध्ये नव्हत्या, तिला वळून बघायला माझ्याशिवाय दुसरं कुणी नव्हतंच, हे मला कळत होतं. तरी तिचं ते माझ्याकडं बघणं मला लई गोड लागलं.

"सांग," मी म्हटलं.