धुराचा रंग

आमच्या इंदुरात एक काळ असा होता की मराठी घरचं कुठलंही रुखवत बघा, तिथे भरतकामाचा एकच देखावा टांगलेला असायचा. दोन डोंगर, मध्ये उगवता सूर्य, खाली नदी, नदीत राजहंस आणि काठावर नारळाचं झाड. इंदूर कुठे आणि नारळ कुठे! पण वरपक्षापुढे मुलीकडचं हस्तकौशल्य मांडायचं म्हणजे हंस हवाच. मला त्याचा इतका वीट आला होता की एका लग्नात मी मोठ्यानं विचारलं, "हा तोच हंस आहे की त्याचा नातू?" त्या घरच्या बाई पुढे माझ्याशी वर्षभर बोलल्या नाहीत.

यातले निम्मे हंस सुमन धारकरच्या हातचे. बडा गणपतीच्या मागच्या गल्लीत तिची आणि आमची भिंत एकच होती. एरवी मुखदुर्बळ बाई, पण सुई हातात आली की कुणाच्या बापाचं ऐकायची नाही. तिचे यजमान श्रीरामराव मिलच्या बॉयलरवर होते. गच्चीवर गेलं की घरांच्या पलीकडे मिलची चिमणी दिसायची. वारा फिरला की वाळत घातलेल्या कपड्यांवर काजळी बसायची आणि सुमन ती झटकत लाडानं म्हणायची, "आले बघा आमचे हे."

मग मिलला टाळं लागलं. एक्क्याण्णव-ब्याण्णवचे दिवस. पलासियाला चकाचक दुकानं उघडत होती, देशाची दारं उघडली म्हणून वर्तमानपत्रं नाचत होती, आणि गावातल्या मिलांची फाटकं मात्र एकेक करून बंद होत होती. श्रीरामराव 'बंद पडली' हे शब्द काही केल्या तोंडातून काढत नसत. कुणी विचारलं की इंदुरी थाटात ठरलेलं उत्तर, "अभी तर बंद आहे भिया, खुलेल की." रोज सायकल काढायचे, फाटकाबाहेर जाऊन बसायचे आणि पाळी सुटायच्या वेळेला घरी परतायचे.

तशात त्यांच्या एकुलत्या एका लेकीचं, सुरभीचं, जबलपूरला जमलं. बोलणी चालू असताना मुलाकडच्यांनी विचारलं, वडील काय करतात. श्रीरामरावांनी ठणकावून सांगितलं, "मिलमध्ये आहे, बॉयलरवर." पाहुणे गेले तशी सुमन माझ्याकडे येऊन रडली.

"वहिनी, चार लोकांत नवऱ्याला खोटं कसं पाडू? आणि गप्प बसले तर उद्या पोरीला जन्मभर टोमणे."

"मी टाकते पत्र जबलपूरला," मी म्हटलं.

"नको. त्यांनीच सांगायला पाहिजे. त्यांच्या तोंडानं. नाहीतर हा माणूस आयुष्यभर त्या फाटकावरच बसून राहील."

मला तिचा रागच आला. इतकं सोसून वर त्याची अब्रू सांभाळायची! पण ती बधली नाही.

रुखवताचा विषय निघाला तेव्हा सुरभीनं आईला बजावलं, "हंस नको हं. आपल्या गच्चीतून दिसतं ते भर." सुमन कामाला लागली. जुन्या कौलांसाठी तिनं विटकरी आणि तपकिरी असे दोन पदर एकाच सुईत ओवले, म्हणजे रंग एकसारखा न येता ऊन-पाऊस खाल्लेला दिसतो. कडुलिंबाला हिरव्या-पिवळ्या गाठीचे टाके. चिमणीला आडवा भरीव टाका, विटांच्या थरांसारखा. आभाळाला अगदी फिका निळा, तोही एकपदरी आणि विरळ, खालचं कापड दिसेल असा. चिमणीच्या वर मात्र काहीच नव्हतं.

श्रीरामरावांनी ते पाहिलं आणि भिंतीपलीकडून मला ऐकू आलं, "धूर कुठाय?"

"दिसत नाही ना, अहो."

"अभी दिसत नाही! चिमणी काढली तर धूर नको? लोक काय म्हणतील?"

मग सुमनचा आवाज आला, "बरं. रंग तुम्ही सांगा."

नमली बाई, मी मनात म्हटलं आणि चरफडले. दुसऱ्या दिवशी मल्हारगंजात दोऱ्यांच्या दुकानात दोघं गेली. मीही गेले. अशा ठिकाणी मी मागे राहत नाही. दुकानदारानं राखाडी रेशमाची लडी पुढे टाकली. श्रीरामराव भडकले, "ये धुआँ है? ये तो चूहा है!"

"भिया, धुआँ तो ऐसा ही होता है."

"मेरे को मत बताओ." त्यांनी सगळा खोका स्वतःकडे ओढला आणि सुमनला दाखवायला लागले. "हे बघ, सकाळी कोळसा टाकला की असा, काळपट जांभळा. मग बॉयलर तापला की हा भुरा. आणि दुपारी नीट जळायला लागला की इतका पातळ होतो, इतका पातळ, की बघणाऱ्याला वाटावं, बंदच..."

सुमननं तिन्ही लड्या उचलल्या.

त्यानंतर ते फाटकावर जायचे, पण लवकर परतायचे आणि तिच्याशेजारी बसून धूर कुठे वळवायचा ते सांगायचे. देखावा पुरा झाल्यावर मी तो हातात घेतला आणि चमकले. बाकी सगळं पक्कं, पण धूर तेवढा कच्च्या धावदोऱ्यानं घातलेला. शेवटी गाठसुद्धा नाही.

"हे काय गं?"

"भरीव टाका उसवला तर कापडाला भोकं राहतात, वहिनी. हा एका ओढीत निघेल. ज्या दिवशी ते खरं बोलतील त्या दिवशी काढीन."

"आणि नाही बोलले तर?"

"तर राहील बिचारा लोंबत," ती म्हणाली आणि डोळे पुसले.

लग्नाच्या दिवशी सकाळी कार्यालयात रुखवत मांडलं. वरमाय देवयानीबाई, उंच, करड्या आवाजाची बाई, एकेक वस्तू निरखत देखाव्यापाशी थांबल्या.

"अगंबाई, कारखाना?"

"आमच्या ह्यांची मिल," सुमन म्हणाली.

"छान. जोरात चाललीय म्हणायची!"

श्रीरामराव मागेच उभे होते. सुमननं त्यांच्याकडे एकदा पाहिलं आणि मान खाली घातली. माझ्या जिभेला नुसती खाज सुटली होती. तिनं माझा दंड इतका घट्ट धरला की वळ उठला.

"नाही चालत, विहीणबाई," श्रीरामराव म्हणाले. "बंद पडली. बोलणी झाली तेव्हाही बंदच होती. मी खोटं बोललो. सुरभीला बोल लावू नका, तिचा काही दोष नाही."

देवयानीबाईंचा चेहरा उतरला. "आधी सांगायचं होतं हो," त्या चिडून म्हणाल्या, आणि त्यांचं चिडणं रास्तच होतं. "आम्ही काय मिलशी सोयरीक करत होतो?" मग त्यांनी स्वतःच एक खुर्ची ओढली. "बसा आधी. घाम किती आलाय तुम्हाला."

सुमन देखाव्याकडे वळली आणि धुराचं टोक शोधायला लागली.

"काय करतेस?" श्रीरामरावांनी विचारलं.

"धूर काढते. आता कशाला?"

सगळ्यांदेखत त्यांनी तिचा हात धरला. "राहू दे. मिल चालू आहे हे खोटं होतं. धूर खोटा नव्हता. एवढी वर्षं मी कोळसा टाकलाय. सुरभी त्याच धुराखाली मोठी झाली."

सुमन बघतच राहिली. मग तिनं देखावा भिंतीवरून उतरवला, माझ्याकडे सुईदोरा मागितला आणि शालू नेसलेली ती बाई सतरंजीवर मांडी घालून बसली. कच्च्या धाग्यावर एकेक बारीक उलटी टीप घालायला लागली, पक्की, न निघणारी. गुरुजी आतून वधूच्या आईला हाका मारत होते. मी त्यांना जरा थांबा म्हणून दटावलं. माझेही डोळे वाहत होते, त्यात लपवण्यासारखं काय? सुमन टाके घालत होती, मनसोक्त रडत होती, आणि श्रीरामराव खुर्चीत बसून येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला, कुणी न विचारताच, सांगत होते, "मिल बंद पडली हो आमची. बंद पडली."