अण्णांचं शहाळं

बुकित तिमाच्या छोट्याशा जुन्या स्टेशनात जपून ठेवलेल्या रुळावर लेकीने बूट टेकवून फोटो काढला. तापलेल्या लोखंडाचा वास नाकात शिरला आणि इथल्या गाड्या बंद झाल्या ते साल आठवलं.

मनमाडला रेल्वेच्या रूळ सांभाळणाऱ्या गँगमध्ये उभा जन्म घालवलेले माझे वडील, अण्णा, तेव्हा इथे परदेशी आमच्याकडे आले होते. यंत्राचा पंजा रूळ पिरगाळून उपटत होता, रुळाखालचे स्लीपर हाडांसारखे कडाडत होते. अण्णा दोरी ओलांडून थेट रुळावर जाऊन उभे राहिले. मी त्यांना मागे ओढायला गेलो, तर सगळ्यांसमोर फाडकन माझ्या मुस्काटात बसली.

“लोखंडाला हात लावायच्या आधी नारळ फोडतात, गाढवा!”

खाण्याच्या गाळ्यांच्या हॉकर सेंटरमधून नारळ म्हणून त्यांनी शहाळंच आणलं होतं. ते काही फुटेना. अण्णा वेड्यासारखे आपटत राहिले, बोटं चेचली. शेवटी शहाळं चिरलं, पाणी आणि रक्त रुळावर सांडलं.

“हं, आता तोडा!” ते मराठीतच ओरडले.

तेव्हा मी शरमेने मेलो होतो.

आज मीच लेकीवर खेकसलो, “पाय काढ!”

“रिलॅक्स ला, बाबा,” ती इथल्या बोलीतला ‘ला’ लावत म्हणाली. “जुनं लोखंडच तर आहे.”

माझा हात उठला होता. कसाबसा वळवून तो रुळावर टेकवला. चटका बसला, तरी उचलला नाही.