देव्हाऱ्यातला आयरिश दगड

करणी, भानामती, अंगात येणं... या सगळ्याला मी कायम हसत आले. सासूबाई रस्त्यातलं लिंबू ओलांडायच्या नाहीत, मी मुद्दाम त्यावर पाय देऊन जायची. तेव्हा मला भोळीभाबडी समजू नका.

साल १९८४. पार्ले पूर्व, पहिला मजला, दोन खोल्या. घरात मी आणि सासूबाई. नवरा मालवाहू जहाजावर. 'पुढच्या महिन्यात येतो' असं लिहीत त्याने वर्ष काढलं होतं.

मी अंधेरीच्या एका कॉन्व्हेंट शाळेत क्लार्क होते. तिथल्या एक म्हाताऱ्या सिस्टर आयर्लंडच्या. त्यांचं गाव म्हणजे समुद्रातलं एवढंसं बेट — वीसेक घरं आणि छप्पर पडलेलं, फार जुनं दगडी चर्च. तिथल्या ओट्यावर गोल दगड मांडलेले. माणूस दर्यावर गेला की घरची बाई रोज आपला दगड एक पूर्ण फेरा फिरवते, म्हणजे तो परत येतो. सिस्टरनी आईचा दगड जपून आणला होता. एकदा मी ऑफिसात रडले, तेव्हा तो त्यांनी माझ्या हातात ठेवला.

सासूबाईंनी तो थेट देव्हाऱ्यात बसवला, शाळिग्रामाशेजारी! त्यावर एका बाजूला बारीक क्रूस कोरलेला होता. ती बाजू भिंतीकडे केली आणि पुढे कुंकू लावलं. मी रोज सकाळी फेरा फिरवून कुंकू पुढे आणून ठेवायची.

मग सासूबाई महिनाभर कुडाळला गेल्या. एका गुरुवारी आंघोळ करून आले, तर क्रूस पुढे! म्हटलं, मीच वेंधळी. नीट ठेवला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच... अकरा दिवस. घरात मी एकटी, कुलपाची किल्ली माझ्या पर्समध्ये. माझी पाचावर धारण बसली. वाटलं, हा बुडाला.

सिस्टरना विचारलं. 

"बुडालेल्याचा दगड हलत नाही," त्या इंग्रजीत म्हणाल्या. "जिवंत असून जो येणार नसतो, त्याचा फिरतो."

सासूबाई परत आल्यावर मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी ट्रंकेतून मुलाचं एक पत्र काढलं. नवऱ्याने सिंगापूरला दुसरं घर केलं होतं, मुलगीही झाली होती. पत्र आठ महिन्यांपूर्वीचं. दगड तर घरात येऊन तीनच महिने झाले होते. म्हणजे त्याला कुंकू लावताना या बाईला सगळं ठाऊक होतं... आणि मी शेजारी हात जोडून उभी!

"माका म्हायत होता गो," त्या म्हणाल्या. "तुका सांगूक जीभ उचलली नाय."

नवऱ्यापेक्षा मला त्यांचाच राग जास्त आला. अजून येतो.

दगड कसा फिरला, ते मला आजही कळलेलं नाही. त्या दिवशी मात्र मी देव्हाऱ्यापुढे बसून कुंकू पुसलं. आधी दगडाचं, मग माझं.